आईचा फोन रूट करू का?

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही बार्शी तालुक्यात राहतो, आई अंगणवाडी सेविका आहे. २०२२ मध्ये तिला साडेअकरा हजारांचा फोन घेऊन दिला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. आता रोज सकाळी 'जागा शिल्लक नाही' असं येतं, अंगणवाडीच्या कामाचं पोषण ट्रॅकर ॲप उघडायला मिनिटभर लागतं. कंपनीने आधीच भरून दिलेली पंधरा-वीस ॲप्स आहेत. आईने ती कधी उघडलेलीही नाहीत, पण काढता येत नाहीत. लॉक स्क्रीनवर जाहिराती येतात. परवा टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) वाटताना एका बाळाच्या आईचा फोटो घेत होती, तेवढ्यात स्क्रीनभर जाहिरात आली आणि तिच्या हातून ती दाबली गेली. घरी येऊन रडवेली झाली, फोनमधून पैसे गेले असतील म्हणून. स्टँडजवळचा मोबाईलवाला म्हणतो, सहाशे रुपये द्या, फोन रूट करून सगळा कचरा उडवतो, फोन नव्यासारखा पळेल. पण याच फोनवर आईच्या मानधनाचं बँक खातं आणि यूपीआय आहे. करू का रूट? – एक वाचक, बार्शी

उत्तर :

सहाशे रुपये खिशातच राहू द्या. हा फोन रूट करू नका, म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा देणारं कुलूप उघडू नका.

तुम्हाला होणारा बहुतेक त्रास रूट न करता जातो, आणि जो जात नाही तो रूट करूनही जात नाही. हे पटावं म्हणून आधी जागेचं बोलतो, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे.

६४ जीबी म्हणजे एक मोठी रिकामी खोली, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कारखान्यातच त्या जागेत भिंती घातलेल्या असतात. एका बाजूला खुद्द अँड्रॉइड आणि कंपनीने भरलेली ॲप्स, बहुतेक फोनवर दहा ते वीस जीबी. तो भाग फक्त वाचता येतो, त्यात काही लिहिता येत नाही. दुसऱ्या बाजूला तुमचे फोटो, तुम्ही टाकलेली ॲप्स, व्हॉट्सॲप. 'जागा शिल्लक नाही' हा ओरडा दुसऱ्या बाजूचा असतो. भाड्याच्या घरात मालकाने एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवावी, तसा तो पहिला भाग. त्या खोलीतलं सामान बाहेर फेकलं म्हणून तुमचं स्वयंपाकघर मोठं होत नाही. भिंत जिथे आहे तिथेच राहते.

अँड्रॉइड १० पासून तर ही भिंत आणखी पक्की झाली. आता बऱ्याच फोनवर सिस्टिमचा भाग अशा पद्धतीने आवळून भरलेला असतो, की रूट मिळाल्यावरही त्यातली एक फाईल सहजी पुसता येत नाही. म्हणूनच हल्ली रूटसाठी वापरतात ते मॅजिस्क नावाचं साधन, जे जॉन वू या तरुणाने २०१६ मध्ये आणलं, सिस्टिमला हातच लावत नाही. ते फोन सुरू होतानाच्या टप्प्यावर शिरतं आणि नको असलेल्या ॲपवर जणू पडदा टाकतं. ॲप दिसत नाही, चालत नाही, पण जागच्या जागी असतं. मोबाईलवाल्याचं 'उडवतो' म्हणजे एकतर हा पडदा, किंवा तो तुमच्या फोनमध्ये कुठून तरी उतरवलेली वेगळीच सिस्टिम भरणार. ती कोणी बनवली, तिच्यात काय आहे, हे त्याला तरी माहीत असेल का, याची मला शंका आहे. जिच्या फोनवर मानधन जमा झाल्याचा मेसेज येतो, तिच्या फोनमध्ये असली अनोळखी सिस्टिम घालू नये.

आता रूट म्हणजे नेमकं काय, तेही बघा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. त्यात प्रत्येक ॲपला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःची खोली मिळते, एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही. बँकेचं ॲप सुरक्षित राहतं ते या नियमामुळे. शून्य क्रमांकाचा एकच वापरकर्ता सगळीकडे फिरू शकतो, त्याचं नाव रूट. फोन रूट करणं म्हणजे या शून्य क्रमांकाची किल्ली आपल्या हातात घेणं. ती हातात असताना चुकीच्या ॲपला एकदा 'परवानगी द्या' दाबलं, की त्या ॲपलाही प्रत्येक खोली उघडी. तुमची आई जाहिरात चुकून दाबते म्हणून तुम्ही काळजीत आहात, आणि त्याच हातात ही किल्ली द्यायची?

शिवाय ती किल्ली मिळवायला आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करून देणारा कुलूपबंद भाग, उघडावा लागतो, आणि तो उघडला की फोन पूर्ण पुसला जातो. चोराने फोन नेऊन बूटलोडर उघडला तर त्याला आतलं काही मिळू नये, म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे. तुमच्या मोबाईलवाल्याने हे सांगितलं होतं का? नसेल, तर आईचे फोटो, संपर्क, व्हॉट्सॲप सगळं गेल्यावर ते तुम्हाला कळलं असतं. प्रत्येक कंपनीची तऱ्हाही वेगळी. शाओमी-रेडमीवर परवानगी मागून साधारण १६८ तास, म्हणजे आठवडाभर थांबावं लागत आलं आहे. विवो ग्राहकाला अधिकृत वाटच देत नाही. सॅमसंगच्या नॉक्स ही सुरक्षा यंत्रणा असलेल्या फोनमध्ये बदललेली सिस्टिम चढली की आतला एक फ्यूज कायमचा उडतो, मग सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंग वॉलेट पुन्हा चालत नाहीत, फोन परत पहिल्यासारखा केला तरी. तेव्हा फोन कुठल्या कंपनीचा हे न विचारता 'तासाभरात करून देतो' म्हणणाऱ्याकडे फोन सोपवू नका.

आणि पैशाची ॲप्स. ती उघडताना गूगलच्या प्ले इंटिग्रिटी नावाच्या सोयीतून फोनची तपासणी करू शकतात : बूटलोडर बंद आहे ना, सिस्टिम कंपनीचीच आहे ना. रूट लपवायच्या युक्त्या आहेत, त्या चालतातही, पण आज चाललेली युक्ती पुढच्या महिन्यात चालेल याची हमी कोणी देत नाही. २०२५ च्या मे महिन्यापासून तर अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर ही तपासणी थेट फोनच्या चिपमधल्या सुरक्षित भागाच्या साक्षीवर होऊ लागली. त्या चिपला फसवणं फार अवघड.

हे मी पुस्तकी सांगत नाही. २०१९ मध्ये माझा रोजचा फोन रूट केलेला होता, दोन वर्षं व्यवस्थित चालला. एका रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. काउंटरवर अनामत भरायची होती. बँकेचं ॲप त्याच दिवशी आपोआप अपडेट झालं होतं. उघडलं तर पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ, 'सुरक्षेच्या कारणास्तव हे ॲप या उपकरणावर चालणार नाही'. कार्ड घरी राहिलेलं. रात्रीचा दीड वाजलेला. मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने माझं तोंड पाहून त्याच्या फोनवरून पैसे भरले आणि म्हणाला, सकाळी द्या. वडील बरे झाले. पण त्या दीड मिनिटात, हातात फोन असून पैसे देता येत नाहीत तेव्हा, जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर पैशाचा फोन मी पुन्हा रूट केला नाही, आणि कोणाला करूही देत नाही.

आता करायचं काय. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून याच क्रमाने जा.

सगळ्यात आधी ती स्क्रीनभर येणारी जाहिरात. ती बहुतेक वेळा कंपनीच्या ॲपची नसतेच. कोणीतरी कधी एखादं टॉर्चचं, क्यूआर स्कॅनरचं नाहीतर फोन 'साफ' करणारं ॲप टाकलेलं असतं, त्याचा तो प्रताप. पुढच्या वेळी जाहिरात आली की ती बंद करू नका, घाबरू नका. अलीकडची ॲप्स दाखवणारं बटण दाबा. ज्या ॲपने जाहिरात फेकली त्याचं चिन्ह बहुधा तिथे वर दिसतं. चोर सापडला, तो सरळ अनइन्स्टॉल करा. मग सेटिंग्जमध्ये 'इतर ॲप्सवर दाखवा' ही परवानगी शोधा आणि यादीतल्या अनोळखी नावांची ती काढून घ्या. वरून घसरत येणाऱ्या, 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत' छापाच्या सूचना हा आणखी वेगळा प्रकार. त्या क्रोममधून येतात, कुठल्या तरी संकेतस्थळावर कधीतरी 'अनुमती द्या' दाबलेलं असतं म्हणून. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सूचनांखाली त्या संकेतस्थळांची यादी असते, सगळ्यांची अनुमती काढा. आईला एवढं नक्की सांगा, की जाहिरात नुसती दाबल्याने खात्यातून पैसे जात नाहीत. त्यासाठी बहुतेक वेळा यूपीआय पिन किंवा ओटीपी द्यावा लागतो. ती रडवेली झाली हे वाचून मला फार वाईट वाटलं. तिचं काही चुकलेलं नाही.

लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती मात्र कंपनीच्याच. सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीनखाली 'ग्लान्स' किंवा 'वॉलपेपर कॅरोसेल' असं नाव दिसेल, ते बंद करा. फोन शाओमी, रेडमी किंवा पोको असेल तर आणखी एक जागा आहे. पासवर्ड आणि सुरक्षा या विभागात परवानग्या देण्या-काढण्याच्या यादीत 'एमएसए' असं तीन अक्षरी नाव मिळेल. जाहिराती वाटणारा हाच. त्याचं बटण बंद केलं की फोन दहा सेकंद मोजत बसतो, मग 'रद्द करा' दाबू देतो, आणि दाबल्यावर बरेचदा 'जमलं नाही' असं सांगतो. इंटरनेट चालू ठेवा आणि पुन्हा करा. तीन-चार वेळा करावं लागतं, मग जमतं. आपण कंटाळून सोडून द्यावं अशीच ही मांडणी आहे, याचा मला मनापासून राग येतो.

जागेचा खरा खड्डा व्हॉट्सॲपमध्ये असतो. अंगणवाडीचा गट, बीटचा गट, प्रकल्पाचा गट, नातेवाईक, महिला बचत गट : प्रत्येकात रोजचे फोटो, अहवाल, सुप्रभात. एकच व्हिडिओ चार गटांतून चार वेळा येतो, आणि आईने गॅलरीतून पाठवलेल्या फोटोची आणखी एक प्रत 'सेंट'मध्ये पडते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज व्यवस्थापनात गेलात की सगळ्यात जड गट वर दिसतात. कामाचे अहवाल आधी बाजूला काढा, मग बाकीचं पुसा. मोबाईल डेटावर आणि वायफायवर आपोआप डाउनलोड होणं बंद करा. एवढ्याने दहा-बारा जीबी मोकळे झालेले मी कितीतरी फोनवर पाहिले आहेत. आणि फोन मंद होतो तो बऱ्याच अंशी याचमुळे. साठवण गच्च भरली की स्वस्त फोनला लिहायला जागा शोधत बसावं लागतं. किमान आठ-दहा जीबी रिकामे असू द्या, पोषण ट्रॅकर उघडण्यात फरक जाणवेल. नवा होणार नाही तो. ४ जीबी रॅमचा फोन ४ जीबीचाच राहणार.

मग कंपनीची ॲप्स. प्रत्येक ॲपवर बोट दाबून धरा, ॲपच्या माहितीत जा. काही सरळ अनइन्स्टॉल होतात. नाही झाली तर 'डिसेबल' असतं. ते दाबण्याआधी 'अपडेट्स काढा' करा, कारण अपडेट तुमच्या बाजूच्या जागेत बसलेलं असतं आणि तेवढी जागा खरोखर परत मिळते. डिसेबल केलेलं ॲप मागे चालत नाही, रॅम खात नाही. पंधरापैकी निम्मी इथेच निपटतील.

उरलेल्यांसाठी संगणक आणि डेटा जाणारी केबल लागेल, नुसती चार्जिंगची केबल चालणार नाही. फोनच्या माहितीत 'बिल्ड क्रमांक' सात वेळा दाबला की डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग (केबलवरून संगणकाला फोनला आज्ञा देऊ देणारी सोय) चालू करा. संगणकावर गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर संकेतस्थळावरून 'प्लॅटफॉर्म टूल्स' उतरवा, फक्त तिथूनच. त्यातल्या एडीबी या साधनाने फोनला सांगता येतं, की अमुक ॲप शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्यासाठी काढून टाक. हा शून्य म्हणजे फोनचा मालक, मघाशी सांगितलेला रूट नव्हे. नाव सारखं आहे म्हणून गोंधळ होतो. ॲप कुलुपातल्या खोलीत तसंच राहतं, आईपुरतं मात्र ते नाहीसं होतं. बूटलोडर बंदच राहतो, बँकेचं ॲप कुरकुर करत नाही, आणि चूक झालीच तर एका ओळीच्या आज्ञेने ते परत आणता येतं. पॅकेजची, म्हणजे ॲप्सची आतली, नावं शोधत बसायची नसतील तर 'युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर' या संगणकावरच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्या. ती प्रत्येक ॲपपुढे लिहिते, काढायला हरकत नाही, जपून काढा, की हात लावू नका. तुम्ही फक्त पहिल्या गटात राहा. संगणक नसेल आणि फोनवर अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल, तर 'शिझुकू' आणि 'कॅन्टा' ही ॲप्सची जोडी हेच काम वायरविना फोनवरच करते.

फेसबुकचं ॲप काढलं तरी त्याचे दोन-तीन अदृश्य साथीदार बऱ्याच फोनमध्ये मागे राहतात, नावात 'सर्व्हिसेस', 'सिस्टिम', 'ॲप मॅनेजर' असतं. ते इथे निश्चिंतपणे काढा. कंपनीचं ॲप दुकान, ब्राउझर, खेळांचा अड्डा, थीमचं दुकान, तेही जाऊ द्या. पण गूगल प्ले सर्व्हिसेस, वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग), फोन आणि मेसेजेस यांच्या वाटेला जाऊ नका. यूपीआयची नोंदणी करताना फोनमधून आपोआप एक मेसेज जातो, ती वाट तुटली तर नोंदणीच होणार नाही. कंपनीचा कीबोर्ड काढायचा तर आधी मराठीसाठी गूगलचा जीबोर्ड बसवून, त्याने चार ओळी लिहून बघा. शाओमीवर 'फाइंड डिव्हाइस' आणि 'सिक्युरिटी' ही दोन निरुपद्रवी वाटतात, पण ती काढली की फोन सुरू होतानाच अडकून पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ शकतो, आणि मग सगळं पुसण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून सुरुवातीलाच सगळ्याची दुसरी प्रत ठेवा. एका वेळी तीन-चारच ॲप्स काढा, फोन बंद करून चालू करा, दोन दिवस वापरू द्या, मग पुढची.

काम झालं की डेव्हलपर पर्याय बंद करा, हे विसरू नका. काही बँकांची ॲप्स ते चालू दिसले तरी अडून बसतात. काढलेली ॲप्स त्याने परत येत नाहीत. फोन फॅक्टरी रीसेट केला, किंवा कधीकधी मोठं अपडेट आलं, तर मात्र येतात. तेव्हा काय काय काढलं ते वहीत लिहून ठेवा.

एवढी खटपट आपण का करायची, हा तुमचा राग रास्त आहे. स्वस्त फोनमध्ये कंपनीला फोन विकून फारसं सुटत नाही. शाओमीने तर २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं, की उपकरणांवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. बाकीची कमाई सेवा आणि जाहिरातींतून, म्हणजे तुमच्या आईच्या लॉक स्क्रीनवरून. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तेव्हा स्वतःची आधीच भरलेली ॲप्स काढण्यापासून गूगलने ग्राहकाला रोखू नये असाही आदेश दिला होता. २९ मार्च २०२३ ला अपिलात दंड कायम राहिला, नेमका हा आदेश रद्द झाला. युरोपात हाच हक्क मार्च २०२४ पासून कायद्याने लागू आहे. आपल्याकडेही तो यायला हवा. साडेअकरा हजार मोजून घेतलेल्या वस्तूत काय राहावं हे घेणाऱ्याने ठरवायचं, यात अवास्तव काही नाही.

आणि तुम्हाला स्वतःला रूटची ओढ असेल, तर ती मारू नका. घरात जुना फोन पडला असेल, ज्यात सिम नाही, बँक नाही, आणि ज्याचा बूटलोडर अधिकृतपणे उघडतो, तर त्यावर शिका. त्या मॉडेलसाठी लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत सिस्टिम मिळते का बघा. मी अँड्रॉइडबद्दल जे काही शिकलो ते असेच फोन उघडून शिकलो. तो फोन बिघडला तर नुसता फोन बिघडेल, कोणाचं मानधन अडकणार नाही.

एक शेवटचं. लॅपटॉप उघडण्याआधी दोन दिवस आईच्या शेजारी बसा आणि ती काय उघडते ते नुसतं पाहा. माझ्या मावशीचा फोन मी असाच साफ केला होता. कंपनीचं नोंदवहीचं ॲप कोण वापरतं, म्हणून न विचारता काढलं. त्यात तिने तीन वर्षांचा भिशीचा हिशोब लिहिलेला होता, कोणाचे किती आले, कोणाची पाळी कधी. ॲप परत आणता आलं, आतला हिशोब नाही आला. ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी अकरा बायकांना फोन करून तिने सगळा हिशोब पुन्हा वहीत उतरवला, मी शेजारी बसून बेरजा करून दिल्या. तुमच्या आईला प्रत्येक ॲपचं चिन्ह दाखवा आणि विचारा, 'हे काढू?' ती हो म्हणाली तरच काढा.